आमचं काय लिहिलंत?

(नाशिक येथे महिला गट आणि कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'संशोधन नियतकालिकांची मोफत उपलब्धता' असा छापला आहे. तो वाचून तुमच्यातल्या दोघीतिघींनी सकाळी चहाच्या वेळी मला विचारलं, "ताई, हा विषय आपला कसा?" प्रश्न रास्त आहे. प्राध्यापकांना लेख वाचायला मिळतात की नाही, याची काळजी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्या बाईने का करावी? मी तीसेक वर्षं नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते आणि त्याहून थोडी जास्त वर्षं या चळवळीत आहे. बरीच वर्षं मलाही ही दोन कामं वेगवेगळीच वाटत होती. ती एक कशी झाली, ते सांगते.

२०१३ सालची गोष्ट. पेठ तालुक्यातली आपल्या गटातली एक बाई. तिचं नाव सांगत नाही. वय चौतीस, तीन मुलं. दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत मजुरीला यायची. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणून ती एका खासगी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सांगितलं, "पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." आपल्या कार्यकर्तीने मला फोन केला, "ताई, तुम्ही लायब्ररीत आहात, हे खरं का ते शोधून द्या. ती चार दिवसांत उत्तर मागते आहे."

मी कॉम्प्युटरवर बसले. तासाभरात नेमका हवा तसा लेख सापडला. आपल्याच देशातल्या गावांमधल्या बायकांच्या तपासण्यांवर लिहिलेला. वर शीर्षक, खाली पाचसहा ओळींचा सारांश, आणि त्याखाली एक चौकट: पूर्ण लेख वाचायचा असेल तर पस्तीस डॉलर भरा. तेव्हाच्या भावाने सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे तिची दहाबारा दिवसांची मजुरी. आमचं कॉलेज त्या नियतकालिकाची वर्गणी भरत नव्हतं. मी ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारलं, मुंबईच्या एका मैत्रिणीला विचारलं. अकराव्या दिवशी लेख हातात आला. तोपर्यंत घरची बैलजोडी गहाण पडली होती आणि ऑपरेशन होऊन गेलं होतं.

लेख वेळेवर मिळाला असता तर ऑपरेशन टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. भीती होती, घरचा दबाव होता. डॉक्टरांपुढे तोंड उघडायची सवय आपल्याला कुणी लावलेली नाही. पण पांढरं जाणं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाने होतं आणि तो औषधाने बरा होतो, काही वेळा तर तो आजारही नसतो, निव्वळ तेवढ्यासाठी पिशवी काढायची नसते, हे छापील कागद पुढे ठेवून सांगता आलं असतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन विचारण्याचं बळ तिला मिळालं असतं. तेवढं तरी मिळायला हवं होतं.

ही एकटीची गोष्ट नव्हती. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. माहिती दडून राहते तेव्हा तिची किंमत कोण भरतं, हे या आकड्यांतून दिसतं.

आता हा व्यवहार चालतो कसा, ते समजून घेऊ. संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचा किंवा प्राध्यापकांचा पगार बहुतेक वेळा सरकारी तिजोरीतून होतो. तपासण्यांचा खर्चही पुष्कळदा तिथूनच. लेख लिहून झाला की तो नियतकालिकाला फुकट द्यायचा. त्याच विषयातले दुसरे अभ्यासक तो तपासतात, तेही बहुधा विनामोबदला. मग प्रकाशक तो छापतो आणि त्याच कॉलेजांना, त्याच विद्यापीठांना वर्गणी लावून विकतो. दूध आपण घालायचं, विरजण आपण लावायचं, आणि ताकासाठी पैसे मोजायचे, अशातला हा प्रकार.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला परदेशी नियतकालिकं बोटीने यायची, तीनचार महिने उशिरा. १९९१ च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं. लायब्ररीचं अंदाजपत्रक रुपयांत, वर्गणी डॉलरमध्ये आणि पौंडांत. त्या वर्षी कोणती नियतकालिकं बंद करायची, याची यादी मलाच करायला सांगितली गेली. लाल पेन्सिल घेऊन बसले. ज्यांच्यासाठी कुणी भांडणार नाही, ती आधी गेली. बायकांच्या आरोग्याची, पोषणाची, समाजशास्त्राची. नंतर इंटरनेट आलं. कागद गेला, बोट गेली, टपालखर्च गेला. वाटलं, आता स्वस्ताई होईल. झालं उलटंच. पूर्वी अंक एकदा विकत घेतला की कपाटात कायमचा राहायचा. आता वर्गणी थांबली की बहुतेक वेळा जुने अंकसुद्धा दिसेनासे होतात.

पण हे लेख बनतात कशाचे, ते पाहा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या आजारी बायका नव्हेत, गावातल्या सर्वसाधारण बायका. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक आजार निघाला. त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. निम्म्याच्या जवळपास स्त्रियांची तर काही तक्रारच नव्हती. दुखणं अंगावर काढायचं असतं, हेच आपल्याला शिकवलेलं! १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच मानणाऱ्या जगाला त्याने धक्का दिला. आपल्या चळवळीने ते आकडे किती सभांतून सांगितले असतील! पण ज्यांच्या तपासणीतून हे ज्ञान उभं राहिलं, त्यांच्या घरापासून ते नियतकालिक किती दूर होतं, याचा विचार तेव्हा आपणही केला नाही. १९९१ मध्ये 'लॅन्सेट' एल्सेव्हिअर या मूळच्या डच कंपनीच्या ताब्यात गेलं. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकाशकांपैकी ती एक.

दुसरं उदाहरण तुमच्या रोजच्या कामातलं. इथे बसलेल्या आशाताईंनी हात वर करा. दवाखान्यात बाळंतपण झालं की तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाता. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन करता, ताप बघता, श्वास मोजता. देशभर हा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. त्याचा पाया कुठे घातला गेला? गडचिरोलीच्या ३९ गावांत. थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायका तिथे आरोग्यदूत झाल्या. जंतुसंसर्ग झालेलं बाळ ओळखायला आणि त्याला इंजेक्शन द्यायला त्या शिकल्या. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच सरकारी व्यवस्था होती. त्या गावांशी तुलना केली तेव्हा आरोग्यदूतांच्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. डिसेंबर १९९९ मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्येच आलं. म्हणजे खेड्यातल्या बायकांनी स्वतःच्या हाताने हे ज्ञान घडवलं. त्यावर उभं असलेलं काम आज आशाताई करतात. आणि हे असं का करायचं, त्याचा पुरावा काय, हे वाचण्याची सोय मात्र आशाताईंसाठी कुणी केली नाही. त्यांच्या हातात फक्त भरायचे तक्ते आले.

बंग दांपत्याने आपला शोध लंडनमध्ये ठेवून दिला नाही, हेही सांगायला हवं. राणीताईंचं 'कानोसा' मराठीत आलं. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली मराठीत निघाला आणि त्याने सरकारला जाब विचारला. ज्ञान परत आणून देता येतं, ते आपल्या भाषेत येतं तेव्हा त्याचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मग बाकीच्यांना का जमू नये?

मोफत देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. जुलै २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा मोठ्या प्रकाशकांशी बोलणी करून एक योजना जाहीर केली. जानेवारी २००२ पासून ती सुरू झाली. नाव 'हिनारी'. ज्या देशांत माणशी वार्षिक उत्पन्न हजार डॉलरपेक्षा कमी आहे, तिथल्या वैद्यकीय संस्थांना नियतकालिकं मोफत. तेव्हा भारताचं माणशी उत्पन्न त्या रेषेच्या निम्म्याहूनही कमी होतं. मला वाटलं, आता आपल्या कॉलेजांना हे मिळणार. यादी पाहिली तर भारताचं नावच नाही. कारण साधं होतं. इथे वर्गणी भरणारी गिऱ्हाईकं प्रकाशकांना आधीच मिळालेली होती. जिथे विक्री होत नाही तिथे दान, जिथे होते तिथे दुकान. आणि दानाचं काय होतं, तेही पुढे दिसलं. २०११ च्या जानेवारीत बांगलादेश आणि आणखी काही देशांना मिळणारी नियतकालिकं काही प्रकाशकांनी एकाएकी काढून घेतली. जगभर ओरड झाली तेव्हा ती परत दिली. माहेरून आलेली साडी असो की सरकारची योजना, देणाऱ्याच्या मर्जीवर जे मिळतं त्याला आपण हक्क म्हणत नाही. इथेही तेच लागू आहे.

दुसरा मार्ग हक्काचा. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टहून एक जाहीरनामा निघाला. संशोधनाचे लेख इंटरनेटवर सर्वांना खुले असावेत, वाचायला, छापायला, वाटायला. आपल्याकडे तोपर्यंत काही जणांनी कामाला सुरुवातही केली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून १९५५ पासून निघणारं वैद्यकीय नियतकालिक इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं झालं. १९९३ साली मुंबईतच सुरू झालेलं वैद्यकीय नीतीचं नियतकालिक, आजचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स', पहिल्या अंकापासून कुणालाही मोफत वाचता येतं. गर्भाशयाची ऑपरेशनं, लिंगनिदान, औषधांच्या चाचण्या, या आपल्या विषयांवरचं कितीतरी लिखाण तिथे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी धोरण काढलं, की त्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे लेख खुल्या संग्रहात ठेवावेत. कागदावर चांगलं आहे. अमलात किती येतं, हे विचारत राहणं आपलं काम.

खुलेपणातही एक खोच आहे, ती लक्षात ठेवा. काही प्रकाशक म्हणतात, वाचणाऱ्याकडून पैसे घेत नाही, लिहिणाऱ्याकडून घेतो. एकेका लेखाला दोनतीन हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त. मग जिल्ह्याच्या गावात काम करणारी डॉक्टर किंवा संघटनेतली अभ्यासक लिहिणार कुठे? आधी आपल्याला वाचता येत नव्हतं, आता लिहिता येणार नाही.

कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ साली वेगळीच वाट धरली. विकत मिळणारे लाखो लेख तिने 'साय-हब' नावाने सगळ्यांना फुकट उघडून दिले. तीन प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तिच्यावर दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात ते बंद करण्याचा आदेश झाला. कायद्याने ते चूक ठरलं. पण सरळ दार उघडं असतं तर इतके लोक खिडकीतून का शिरले असते, हा प्रश्न कोर्टाच्या आदेशाने मिटत नाही.

आता सरकारने काय केलं ते पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. हिशोब करा, माणशी वर्षाला अकराशे रुपये पडतात. मी निवृत्त झाले नसते तर या बातमीने मला रात्रभर झोप आली नसती, इतका आनंद झाला असता. ज्या कॉलेजांनी कधी एकही परदेशी नियतकालिक पाहिलं नव्हतं, तिथल्या मुलींना आज ती दिसतात. हे मोठंच काम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण यादीत कोण नाही, ते बघायची आपल्याला सवय आहे. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. संघटना नाहीत. आशा नाही, अंगणवाडी सेविका नाही. १८४० साली सुरू झालेलं आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, जिथे कुणीही वर्गणी भरून वाचू शकतं, तशी वाचनालयं नाहीत. पैसा सगळ्या जनतेचा, किल्ली मात्र ओळखपत्र असलेल्याकडे. याच गावात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला होता. त्या लढ्याशी मी याची बरोबरी करत नाही, ती करूही नये. पण ज्ञान कुणी वाचावं हे ठरवणाऱ्यांशी आपल्या आज्या-पणज्यांची ओळख जुनी आहे. पूर्वी जात आणि बाईपण आड यायचं, आता त्यांच्या जोडीला डॉलर आला आहे.

मग करायचं काय? काही गोष्टी उद्यापासून करता येतील.

लेख हवा असेल आणि पैसे मागितले तर तिथेच थांबू नका. 'पबमेड सेंट्रल' या अमेरिकन सरकारी संग्रहात वैद्यकीय लेख पूर्ण आणि मोफत मिळतात, आधी तिथे पाहा. नाही मिळाला तर लेखाच्या पहिल्या पानावर लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहा, आम्ही अमुक गावात बायकांच्या आरोग्यावर काम करतो, तुमचा लेख हवा आहे. माझा अनुभव असा, की बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आपला लेख कुणी वाचत नाही, हेच त्यांचं दुःख असतं! आपल्याकडच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत मिळतात, त्यांत मराठीतलेही आहेत. जवळच्या सरकारी कॉलेजच्या ग्रंथपालांना जाऊन भेटा. ग्रंथपाल ही जात मदत करणारी असते. आणि एक सावधगिरी. छापलेलं सगळं खरं नसतं. मिळालेला लेख गटात एखाद्या विश्वासू डॉक्टरबरोबर बसून वाचा.

दुसरं, मागणी करा. 'एक राष्ट्र, एक वर्गणी'च्या पुढच्या टप्प्यात सार्वजनिक वाचनालयं आणि नोंदणीकृत संघटना आल्या पाहिजेत. आपल्या पुढच्या निवेदनात रेशन आणि मानधनाच्या खाली हे तिसरं कलम घाला.

तिसरं, गावात कुणीही पाहणी करायला आलं, रक्त घ्यायला आलं, प्रश्नावली घेऊन आलं, की संमतिपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा, "यातून काय निघालं ते आम्हाला मराठीत येऊन सांगणार का? कधी?" आणि त्यांच्याकडून तसं लिहून घ्या.

शेवटी एक कबुली देते, मग थांबते. १९९४ साली आमच्याच गटाने सुरगाणा तालुक्यात तीन पाड्यांवर बायकांच्या आजारपणांची पाहणी केली. दोनशेच्या आसपास बायका. रात्री चुलीजवळ बसून त्यांनी आम्हाला नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगितलं. अहवाल आम्ही इंग्रजीत लिहिला, कारण निधी देणाऱ्यांना इंग्रजी हवा होता. चाळीस प्रती काढल्या. एक प्रत आमच्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात गेली. पाड्यावर परत जाऊन सांगायचं राहून गेलं. कामं होती, मोर्चे होते, कारणं खूप सापडतात.

काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्यातल्याच एका पाड्यावर गेले. एक म्हातारी पुढे आली, मला ओळखलं, हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आमचं एवढं लिहून नेलंत. आमचं काय लिहिलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लंडनच्या प्रकाशकाने कुलूप लावलं म्हणून मी पुढे रागावत राहिले, पण आमच्या लोखंडी कपाटाची किल्ली तर माझ्याच पर्समध्ये होती! त्या अहवालाचं मराठी मी आता निवृत्तीनंतर पुरं केलं आहे. या पावसाळ्यानंतर ते घेऊन त्या तीन पाड्यांवर जायचं आहे. ती म्हातारी आता नसेल, तिच्या सुना असतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या. आणि ज्यांच्या गटाच्या कपाटात असे अहवाल पडून आहेत, त्यांनी घरी जाऊन आधी ते कपाट उघडा.